पहिल्या नावाचा मान

१८ मे, रविवार

ही डायरी मला फुकट मिळाली आहे. कुळगावच्या एका क्रीडा मंडळाने माझ्याकडून डायऱ्या छापून घेतल्या आणि चार दिवसांनी गठ्ठाच्या गठ्ठा परत आणून टाकला, कारण पहिल्या पानावर उपाध्यक्षांचं नाव अध्यक्षांच्या वर आलं होतं. मजकूर त्यांनीच तसा लिहून दिला होता. मी कागद दाखवला, पण तो बघायला अध्यक्ष दुकानात थांबले नाहीत. आता वर्षभर आमच्या घरात सगळे याच डायऱ्या वापरणार. आईने एकीत दुधाचा हिशोब सुरूही केला.

तेव्हापासून मी मजकूर कोणाचाही असो, नावांचा क्रम स्वतः लावतो. लग्नपत्रिका, हळदीचं कार्ड, वाढदिवसाचा बॅनर, सगळीकडे तेच. वर कुलदैवत, मग गावदेवी, मग गेलेली माणसं, मग हयात थोरली, मामा वेगळ्या ओळीत. या भागात माणूस स्वतःचं नाव चुकलं तर एक वेळ सोडून देईल, पण खाली गेलं तर सोडणार नाही. बदलापुरात हे माझ्याइतकं कोणाला कळत नाही, असं मी म्हणत नाही, गिऱ्हाईकं म्हणतात.

दुसरी बातमी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, नेत्राला, दहावीला एक्क्याण्णव टक्के पडले. चामटोलीच्या नाक्यावर काल बॅनर लावला. गुलाबी पार्श्वभूमी, तिचा फोटो, वर 'भावी डॉक्टर', खाली 'कु. नेत्रा हरिचंद्र हिचे हार्दिक अभिनंदन', आणि कोपऱ्यात छोट्या अक्षरात 'सौजन्य : नेत्रा आर्ट्स'. दुकानाला तिचंच नाव दिलेलं, त्यामुळे बॅनरवर ते दोनदा येतं, पण चालतं. ती म्हणाली, "दादा, 'भावी डॉक्टर' काढ ना." मी म्हटलं, काढलं तर तिथे गॅप राहील. म्हणाली, "राहू दे गॅप." पोरगी लाजाळू आहे. आमच्या घरात सगळेच तसे, मी सोडून.

२९ मे, गुरुवार

आज अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरला. घरात कॉम्प्युटरचं कळणारा मी एकटा, तेव्हा पप्पांनी सकाळी कंपनीत जाताना सांगितलं, "अल्पेश, तू भर, आणि नीट भर." पप्पा अंबरनाथच्या एमआयडीसीत आहेत, त्यांना 'नीट' हा शब्द फार आवडतो.

विज्ञान शाखा. दहा कॉलेजांची नावं पसंतीच्या क्रमाने द्यायची. खरं कॉलेज एकच, अंबरनाथचं. मी स्वतः तिथे दोन वर्षं होतो. मोठी इमारत, मोठं नाव, आणि शहरातल्या मोठ्या कोचिंग क्लासशी त्यांचं जमलेलं. कॉलेजात नाव, क्लासमध्ये अभ्यास. वर्गात कोणी बसायचं नाही, त्यामुळे शांतता असायची. माझं पुढे जमलं नाही ही गोष्ट वेगळी. मला क्लास परवडला नाही आणि जर्नलं दुसऱ्यांची उतरवून काढली, पण नेत्राला मी क्लास लावणार आहे.

पहिल्या रकान्यापाशी मी जरा थांबलो. आमच्या गावच्या कॉलेजला यंदापासून विज्ञान शाखा मिळाली आहे. ते ज्या जागेवर उभं आहे त्यातला पुढचा तुकडा आमच्या बुधाजी आजोबांनी दिला होता, रस्त्याकडचा, चांगल्यातला. आजोबा ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "आपल्या कालेजचं नाव टाकलंस का रं त्याच्यात?" आता आपल्या माणसांचं नाव खाली कुठेतरी सातव्या-आठव्या नंबरवर टाकायचं कसं? मी पहिल्या रकान्यात गावचं कॉलेज टाकलं, दुसऱ्यात अंबरनाथ, मग उल्हासनगरची दोन, मग बाकीची. आजोबांना सांगितलं, "पहिलं नाव आपलंच." त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि परत घातली. ते खूश झाले की असं करतात.

कॉम्प्युटर शेवटी टक्केच बघणार. एक्क्याण्णववालीला तो अंबरनाथ देईल, गावच्या कॉलेजला नुसता मान.

लॉक करण्याआधी सगळी यादी नेत्रासमोर धरली, उगाच नंतर बोलायला नको. तिने वरून खाली दोनदा वाचली. मग विचारलं, "लॉक केल्यावर बदलता येत नाही ना?" मी म्हटलं, नाही. "तूही नाही बदलू शकत?" मी म्हटलं, मंत्री आला तरी नाही. म्हणाली, "मग कर लॉक." कंटाळली होती बिचारी. केलं.

३ जून, मंगळवार

दुकानात माझा मित्र कल्पेश आला होता, त्याच्या साखरपुड्याचं कार्ड करायला. त्याच्या होणाऱ्या मेव्हणीचाही यंदा फॉर्म आहे. बोलता बोलता म्हणाला, "पहिला नंबर विचार करून टाकायचा बाबा, पहिला लागला की घ्यायलाच लागतो. नाय घेतला तर डायरेक्ट शेवटच्या फेरीपर्यंत बाहेर."

मी म्हटलं, असं काही नसतं. तो गेल्यावर माहितीपुस्तिका उघडून वाचली. असं असतं.

आणखी वाचलं. पहिल्या पसंतीला जागा असली आणि टक्के पुरत असले की कॉम्प्युटर पुढचं नाव बघतच नाही. गावच्या कॉलेजात विज्ञानाला जागाच जागा आहेत. म्हणजे तो अंबरनाथपर्यंत पोचणारच नाही.

कल्पेशच्या कार्डावर मी मुलीकडचे मामा मुलाकडे टाकले. छापून झाल्यावर लक्षात आलं.

५ जून, गुरुवार

पोर्टल उघडून बघितलं. लॉक. हेल्पलाइनला फोन लावला. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' एवढं त्या बाईने मला अर्धा तास सांगितलं. घरी काही बोललो नाही. बोलून करणार काय?

१४ जून, शनिवार

रोज पोर्टल उघडून बघतो. एक मन म्हणतं, एवढ्या लाखो पोरांच्या गर्दीत कॉम्प्युटरचीही एखादी चूक होईल आणि ती नेमकी आपल्या बाजूची असेल. देवाला नवस बोलायचा विचार केला, पण गावदेवीला काय सांगणार? तुझ्या गावचं कॉलेज नको, असं?

नेत्रा आज दुकानात आली आणि बाटल्यांवर चिकटवायची लेबलं छापून मागितली. सोडियम हे, कॉपर ते. कोणासाठी म्हटलं, तर तेजस्वी मॅडमसाठी. त्या तिला दहावीला विज्ञान शिकवायच्या, आता गावच्या कॉलेजला गेल्यात. रिकाम्या खोलीत प्रयोगशाळा लावतायत आणि ही दोन-तीन मैत्रिणींना घेऊन खोकी उघडायला जाते. सुट्टीत पोरींना काहीतरी उद्योग लागतो. लेबलं काढून दिली, चांगल्या ग्लॉसी कागदावर.

जाताना तिने विचारलं, "दादा, तुमच्या कॉलेजात बुरेट किती होती?"

"काय माहीत. त्या काचेच्या मोजनळ्या कपाटात, आणि कपाटाला कुलूप असायचं."

"आणि चावी?"

"सरांकडे. परीक्षेच्या आधी निघायची."

तिने मान हलवली आणि लेबलं मोजत गेली. तिला अंबरनाथची एवढी ओढ लागलीय की बुरेटसुद्धा मोजून ठेवतेय. मला कसं तरीच झालं.

२८ जून, शनिवार

यादी लागली. गावचं कॉलेज. पहिली पसंती.

२९ जून, रविवार

काल पुढे लिहवलं नाही. पप्पांना सगळं सांगितलं, मानाचं, आजोबांचं, पहिल्या रकान्याचं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग म्हणाले, "पत्रिका छापायला बसला होतास काय?"

पप्पा चिडले की आवाज खाली जातो. ते म्हणाले, "तुझं झालं ते झालं. तिचं तरी नीट करायचं होतंस." आई मध्ये पडली, तर तिलाही बोलले.

सगळ्यात वाईट आजोबांचं झालं. ते ओट्यावर होते. आत येऊन म्हणाले, "मना काय म्हायती, त्याचा असा परिणाम होतो. माज्या मानापायी पोरीचं वर्स नको जायला." आणि जेवले नाहीत. नेत्रा ताट घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि हळू आवाजात काहीतरी बोलत राहिली. थोड्या वेळाने ते जेवले. कशी समजूत घातली कोण जाणे. माझ्याशी मात्र ती बोलत नाही. माझ्याकडे बघितलं की नजर खाली घालते. मी तिचं वाटोळं केलं आणि वर ती पोरगी मला एक शब्द बोलत नाही, हे जास्त लागतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी गल्ल्यामागे बसून रडलो. हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितोय.

१ जुलै, मंगळवार

उल्हासनगरला मार्गदर्शन केंद्रावर जाऊन आलो. टेबलावरच्या मॅडम चांगल्या होत्या, शीला नाव. त्यांनी नेत्राचा नंबर टाकून बघितला आणि म्हणाल्या, "पहिली पसंती मिळालीय की! पेढे द्यायचे सोडून तक्रार कसली?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, दोनच रस्ते आहेत. सोमवारपर्यंत गावच्या कॉलेजात प्रवेश पक्का करा, नाहीतर सोडा आणि शेवटच्या फेरीपर्यंत थांबा. शेवटच्या फेरीत अंबरनाथला जागा उरतील का, ते त्या सांगू शकत नाहीत. उरलेलं जे मिळेल ते, आणि कदाचित लांबचं.

निघताना विचारलं, "मुलीचं काय म्हणणं आहे?"

मी म्हटलं, ती शॉकमध्ये आहे.

३ जुलै, गुरुवार

उल्हासनगरच्या कॅम्प एकला लालचंदभाईंकडे पत्रिकांचे कोरे नग घ्यायला गेलो होतो. ते आमचे जुने कागदवाले. माझं तोंड बघून त्यांनीच विचारलं. सगळं ऐकून हसले. "अरे बेटा, काउंटर पे जो नग पहिले रखा, कस्टमर वही उठाएगा. इतना साल से मेरे सामने बैठता है, इतना नहीं सीखा?"

मग चहा मागवला आणि म्हणाले, "लडकी को पूछा क्या चाहिए?"

जो तो मला हेच विचारतोय. विचारायचं काय त्यात? एक्क्याण्णव टक्के पडलेल्या मुलीला काय हवं असतं ते बॅनर लावण्याआधीपासून सगळ्या गावाला माहीत आहे.

५ जुलै, शनिवार

माझा निर्णय झाला. गावची जागा सोडायची आणि शेवटच्या फेरीत अंबरनाथ घ्यायचं. ज्या ओळखी आहेत त्यांना विचारलं, मागच्या वर्षी शेवटी थोड्या जागा उरल्या होत्या म्हणतात. धोका आहे, पण आधीची चूक धोका न घेता निस्तरता येणार नाही.

जेवताना सगळ्यांसमोर मांडलं. पप्पा म्हणाले, "आणि नाही मिळालं तर?" मी म्हटलं, तर दुकान बंद करून मी तिला रोज अगदी कर्जतच्या कॉलेजलाही सोडीन आणि आणीन. ते मी मनापासून बोललो. पप्पांनी पहिल्यांदाच या आठवड्यात माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाले, "बरं, तुला एवढी खात्री आहे तर."

नेत्रा म्हणाली, "दादा, मला काही बोलायचंय."

मी म्हटलं, "तू काळजी करू नकोस. या वेळी सगळं माझ्यावर." तिने आईकडे बघितलं. आई भाकरी थापत होती, तिने वर बघितलं नाही, पण तवा जरा जोरात आपटला. आईला माझा धोका पटलेला दिसत नाही.

७ जुलै, सोमवार

आज काय झालं ते क्रमाने लिहितो, नाहीतर मी पुन्हा काहीतरी वर-खाली करीन.

दुपारी फोन वाजला. पोर्टलचा मेसेज. 'आपला प्रवेश निश्चित झाला आहे.' मला वाटलं कोणीतरी घोटाळा केला. शटर अर्धं ओढून गाडी काढली आणि सरळ गावच्या कॉलेजात गेलो.

गेटच्या आत बाकावर आजोबा बसले होते. धुतलेला सदरा, इस्त्रीची टोपी. लग्नाला निघाल्यासारखे. शेजारी नेत्रा, मांडीवर कागदपत्रांची फाईल. ती फाईल आईच्या कपाटात असते आणि कपाटाची चावी आईच्या कमरेला.

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. आजोबांनी हात वर केला. "बस रं. पोरीला बोलू दे. चार दिस झाले, तू तिला बोलूच देत नाय."

नेत्रा उभी राहिली. म्हणाली, "दादा, तू यादी दाखवलीस तेव्हा मी वाचली होती. मला तो नियम माहीत होता. शाळेत तेजस्वी मॅडमनी सगळ्यांना समजावला होता."

मला कळायला वेळ लागला. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस?

"बोलले असते तर तू बदललं असतंस."

बदललंच असतं.

"तू आजोबांसाठी टाकलंस. मी माझ्यासाठी राहू दिलं," ती म्हणाली. "मला क्लासमध्ये बसून डॉक्टर नाही व्हायचं. मला हे हाताने करायचंय. आम्ही चौदा जण आहोत. मॅडम म्हणतात, प्रत्येकाला स्वतःची बुरेट. आपल्या विहिरीचं पाणी, नदीचं पाणी, कंपनीच्या मागच्या नाल्याचं पाणी, सगळं तपासून लिहायचंय. तुझ्या कॉलेजात कपाटाला कुलूप होतं, तूच सांगितलंस."

"आणि पप्पा मला एवढं बोलले, तेव्हा?"

आता ती रडायला लागली. "तेव्हाच सांगणार होते. पण सांगितलं असतं तर पप्पांनी सोडायला लावलं असतं. मी फक्त आजोबांना सांगितलं, ते जेवत नव्हते म्हणून. आणि परवा आईला. तुला सांगायला आले तर तू म्हणालास, सगळं माझ्यावर."

मला खूप राग आला होता. अजून आहे. जवळजवळ दीड आठवडा मी घरात मान खाली घालून जेवतोय, आणि त्याआधीचे दिवस वेगळेच. पण तिथे उभ्या उभ्या मला एक गोष्ट आठवली, की फॉर्म भरताना मी दहा रकाने भरले आणि तिला एकदाही विचारलं नाही. वाचायला दिलं, विचारलं नाही. तिच्याच नावाच्या दुकानात बसून.

आजोबा म्हणाले, "चल आथा, भूक लागली." तिघे एका गाडीवर बसून घरी आलो. आजोबा मध्ये.

पप्पांना संध्याकाळी सांगितलं. सांगितलं मीच, कारण तिला हुंदका आवरत नव्हता. मी तिची बाजू घेतोय हे बोलता बोलता माझ्या लक्षात आलं. पप्पा म्हणाले, "म्हणजे चूक कोणाची?" मग ते नेत्राला म्हणाले, "आमच्या कंपनीच्या मागच्या नाल्याचं पाणी आण म्हणालीस तर मी आणून देणार नाही. माझी नोकरी आहे तिथे." हात धुऊन आले आणि म्हणाले, "पुलाखालून तूच भरून घे. तिथून कोणीही भरतं."

१९ जुलै, शनिवार

नाक्यावरचा बॅनर काढून आणला. नेत्राने सांगितलं नव्हतं, मीच काढला. आजोबांनी तो लाकडांवर टाकला, गुलाबी बाजू आत. म्हणाले, कापड चांगलं आहे, दोन पावसाळे निघतील.

बोलतो आम्ही आता. आधीसारखं नाही, जरा जपून. काल ती हाताला निळे डाग घेऊन आली आणि मला अर्धा तास काहीतरी समजावत होती. मला अर्धं कळलं नाही. पण दोन वर्षं विज्ञान शाखेत होतो हे तिला माहीत आहे, म्हणून मान हलवत राहिलो.

२ ऑगस्ट, शनिवार

मागच्या आठवड्यात तेजस्वी मॅडम दुकानात आल्या होत्या. प्रयोगशाळेच्या उद्घाटनाचं कार्ड करायचं होतं. मजकूर देऊन म्हणाल्या, "क्रम तुम्हीच लावा, तुमचा हातखंडा आहे असं नेत्रा सांगते." बोलताना त्या हसल्या का, ते मी बघितलं नाही.

कार्ड चटकन झालं. वर गावदेवी, मग संस्थेची माणसं, मग जागा देणारे, त्यात आजोबा. खाली चौदा विद्यार्थ्यांची नावं आणि त्यांच्या वर मोठ्या अक्षरात 'आमचे भावी शास्त्रज्ञ'. एक नंबर दिसत होतं. छापायला टाकणार होतो, पण टाकलं नाही. प्रूफ काढून घरी नेलं आणि नेत्रासमोर धरलं. विचारलं, "बघ. तुला कसं हवंय?"

तिने वरून खाली दोनदा वाचलं. मग पेन घेऊन 'आमचे भावी शास्त्रज्ञ' यावर काट मारली.

मी म्हटलं, "तिथे गॅप राहील."

"राहू दे," ती म्हणाली.

ठेवली. आज कार्डं छापून आली. नावांच्या वर बोटभर कोरी जागा आहे. दोन-तीनदा हातात घेऊन बघितलं, वाईट दिसत नाही.